मतपत्रिकेची मागची बाजू

2009 च्या ऑक्टोबरात मी पुण्यात, कोथरूडमध्ये, विधानसभेसाठी मतदान केले आणि त्यानंतर दोनच महिन्यांनी नवऱ्याच्या नोकरीच्या गावी, अमेरिकेतील नॉर्थ कॅरोलिना राज्यातल्या ग्रीन्सबरो येथे, राहायला आले. कोथरूड हा मतदारसंघ तेव्हा नव्यानेच अस्तित्वात आला होता. न्यायमूर्ती कुलदीप सिंग यांच्या अध्यक्षतेखालील आयोगाने केलेल्या पुनर्रचनेत शहरातल्या सीमा बदलल्या होत्या, आणि आपले घर कोणत्या मतदारसंघात गेले याची चर्चा आमच्या सोसायटीत आठवडाभर चालली होती. पण या रेषा कोणी आखल्या, असा प्रश्न कोणाच्या मनात आला नव्हता. आयोगावर काही खासदार आणि आमदार सहयोगी सदस्य म्हणून असत, परंतु त्यांना मताचा अधिकार नव्हता, आणि आयोगाच्या अंतिम आदेशाला न्यायालयात आव्हान देण्याची मुभा कायद्याने ठेवलेली नव्हती. मतदारसंघाची सीमा ही निवडणूक लढवणाऱ्यांच्या हातात नसते, ही समजूत मी सामानाबरोबर इकडे घेऊन आले. ती इथे चुकीची आहे हे उमगायला मला दहा वर्षे लागली.

इकडे काँग्रेसचे, म्हणजे देशाच्या कायदेमंडळाच्या कनिष्ठ सभागृहाचे, मतदारसंघ दर दहा वर्षांनी जनगणनेनंतर नव्याने आखले जातात, आणि बहुतेक राज्यांत ते काम राज्याचे विधिमंडळ करते. नॉर्थ कॅरोलिनात ते साध्या कायद्यासारखे दोन्ही सभागृहांत बहुमताने मंजूर होते. विधिमंडळात 120 प्रतिनिधी आणि 50 सिनेटर असतात, त्या सर्वांची मुदत दोन वर्षांची असते, आणि आपापले मतदारसंघही तेच आखतात. 1996 पर्यंत तर इथल्या राज्यपालाला नकाराधिकारच नव्हता. त्या वर्षी घटनादुरुस्तीने तो मिळाला, पण मतदारसंघांचे नकाशे त्यातून वगळले गेले. राज्यपाल कोणत्याही पक्षाचा असो, नकाशाच्या विधेयकावर त्याचे काहीही चालत नाही. त्यामुळे ज्या वर्षाचा शेवटचा आकडा शून्य असतो, त्या वर्षीच्या नोव्हेंबरात विधिमंडळ कोणाच्या हाती जाते यावर पुढच्या निवडणुकांचे बरेचसे चित्र ठरते.

आमच्या मुलीचा जन्म 2010 चा. त्याच वर्षी नोव्हेंबरात रिपब्लिकन पक्षाने इथल्या विधिमंडळाची दोन्ही सभागृहे शंभराहून अधिक वर्षांनी एकत्र जिंकली. मी तेव्हा मतदार नव्हते आणि घरात तान्हे मूल होते, त्यामुळे त्या निकालाची बातमी मी ऐकली असेल तरी आठवत नाही. 2011 मध्ये नवा नकाशा झाला. 2012 च्या निवडणुकीत राज्यभरात काँग्रेससाठी पडलेल्या मतांपैकी अर्ध्याहून किंचित अधिक मते डेमोक्रॅटिक पक्षाला मिळाली आणि 13 पैकी जागा मिळाल्या 4. हे आकडे मी नंतर वाचले तेव्हा मला छपाईची चूक वाटली.

हा एकाच पक्षाचा दोष आहे असे मी म्हणणार नाही, कारण तसे म्हणणे खोटे ठरेल. 1992 चा इथला 12 वा मतदारसंघ डेमोक्रॅटिक बहुमताच्या विधिमंडळाने आखला होता. तो महामार्गाच्या कडेकडेने सुमारे 160 मैल पसरला होता, काही ठिकाणी रस्त्याच्या रुंदीपेक्षा फारसा मोठा नव्हता, आणि वाटेत आमच्या ग्रीन्सबरोचा एक तुकडा उचलून पुढे शार्लटकडे जात होता. त्यावरचा 1993 चा सर्वोच्च न्यायालयाचा निकाल आजही कायद्याच्या अभ्यासक्रमात शिकवला जातो.

मला हा विषय प्रत्यक्ष दिसला तो एका रस्त्यावर. माझ्या कार्यालयाच्या वाटेवर नॉर्थ कॅरोलिना ए अँड टी हे विद्यापीठ लागते. ऐतिहासिकदृष्ट्या कृष्णवर्णीयांसाठी स्थापन झालेल्या अमेरिकेतल्या विद्यापीठांत ते विद्यार्थिसंख्येने सर्वांत मोठे आहे, आणि 1960 च्या फेब्रुवारीत शहरातल्या वुलवर्थच्या दुकानात गोऱ्यांसाठी राखीव असलेल्या जेवणाच्या काउंटरवर जाऊन बसलेले चार तरुण इथलेच विद्यार्थी होते. या विद्यापीठाच्या आवारातून लॉरेल स्ट्रीट नावाचा एक साधा रस्ता जातो. 2016 च्या नकाशात 6 वा आणि 13 वा या दोन मतदारसंघांची सीमा नेमकी त्या रस्त्यावरून नेलेली होती. वसतिगृहातून निघून वर्गात पोहोचेपर्यंत विद्यार्थ्याचा मतदारसंघ बदलत असे. दोन्ही मतदारसंघांतून एकाच पक्षाचे प्रतिनिधी निवडून येत आणि विद्यापीठातल्या हजारो मतांचा भार कोणत्याच पारड्यात जाणवत नसे. कार्यालयातल्या एका सहकारी बाईंनी मला एकदा तिथे गाडी थांबवून तो रस्ता दाखवला. तिथे खूण नाही, पाटी नाही, फूटपाथवरून दप्तरे पाठीला लावून मुले ये-जा करत होती. त्या काही मिनिटांत मला जे समजले ते वर्तमानपत्रांतून समजले नव्हते.

2019 च्या जूनमध्ये मी शार्लट येथे नागरिकत्वाची शपथ घेतली. त्याच महिन्याच्या 27 तारखेला देशाच्या सर्वोच्च न्यायालयाने, नॉर्थ कॅरोलिनाच्याच प्रकरणात, 5 विरुद्ध 4 मतांनी असा निकाल दिला की पक्षीय फायद्यासाठी नकाशा वाकवला गेला अशी तक्रार संघराज्याच्या न्यायालयांत ऐकली जाणार नाही. राज्यांनी आपल्या घटना, कायदे आणि न्यायालये यांच्याद्वारे काय ते पाहावे. या निकालाचा अर्थ तेव्हा माझ्या लक्षात आला नाही. केंद्रातल्या न्यायालयाने दार लावून घेतल्यावर उरले ते राज्याचे न्यायालय, आणि नॉर्थ कॅरोलिनात राज्याच्या सर्वोच्च न्यायालयाचे सातही न्यायाधीश लोकांच्या मतांनी, आठ वर्षांसाठी, निवडले जातात. मतपत्रिकेवर त्यांच्या नावापुढे पक्षही छापलेला असतो. म्हणजे त्या दिवसापासून न्यायाधीशांची निवडणूक ही नकाशाचीही निवडणूक झाली.

राज्यातल्या एका न्यायालयाने त्याच वर्षी विधिमंडळाचे नकाशे रद्द केले आणि ते उघडपणे, कॅमेऱ्यासमोर, नव्याने करण्याचा आदेश दिला. सप्टेंबरात मी संगणकावर ते थेट प्रक्षेपण पाहिले. तज्ज्ञाने संगणकाकडून करून घेतलेल्या नकाशांपैकी कोणता आधाराला घ्यायचा हे ठरवण्यासाठी समितीसमोर राज्याच्या लॉटरीचे यंत्र आणून ठेवले होते आणि त्यातून चेंडू बाहेर पडत होते. मला ते दृश्य विचित्र वाटले, पण त्याच वेळी असेही वाटले की चेंडूला निदान कोणाला निवडून आणायचे आहे हे ठाऊक नसते. त्याच शरद ऋतूत न्यायालयाच्या आदेशामुळे काँग्रेसचा नकाशाही बदलला, लॉरेल स्ट्रीटवरची रेषा गेली, आणि आमची गिलफर्ड कौंटी (कौंटी म्हणजे आपल्या जिल्ह्यासारखा विभाग) 2020 साठी संपूर्णपणे 6 व्या मतदारसंघात आली.

2020 चे माझे पहिले मतदान महासाथीमुळे टपालाने झाले. स्वयंपाकघराच्या टेबलावर मतपत्रिका पसरली होती, समोर साक्षीदार म्हणून सही करायला शेजारच्या आजी मास्क लावून बसल्या होत्या, आणि मी काळ्या पेनने एकेक लंबगोल भरत होते. राष्ट्राध्यक्ष, सिनेटर, काँग्रेसचे प्रतिनिधी, राज्यपाल हे सगळे मी अभ्यास करून भरले. पान उलटले तर मागे न्यायाधीशांची लांबलचक यादी होती. त्यांतले एकही नाव मला माहीत नव्हते. अज्ञानाने मत देण्यापेक्षा न देणे प्रामाणिकपणाचे, असा विचार करून मी ते रकाने कोरे ठेवले आणि पाकीट बंद केले. डिसेंबरात फेरमोजणी संपली तेव्हा राज्याच्या मुख्य न्यायाधीशपदासाठी 50 लाखांहून अधिक मतांत पॉल न्यूबी हे शेरी बीझली यांच्यावर 401 मतांनी विजयी झाल्याचे जाहीर झाले. आमच्या मराठी मंडळाच्या गणेशोत्सवाला त्याहून अधिक माणसे येतात. त्या वर्षी न्यायालयाच्या तिन्ही जागा रिपब्लिकन उमेदवारांनी जिंकल्या आणि डेमोक्रॅटिक न्यायाधीशांचे 6 विरुद्ध 1 असे बहुमत 4 विरुद्ध 3 वर आले. मी कोणाला मत दिले असते हा प्रश्न वेगळा. मी मतच दिले नव्हते, याची बोच अजून आहे.

पुढची चार वर्षे मी गिलफर्ड कौंटीचा नकाशा ज्या बारकाईने पाहिला, त्या बारकाईने दुसरे काही पाहिले नसेल. 2020 च्या जनगणनेत राज्याची लोकसंख्या 1 कोटी 4 लाख 39 हजारांच्या वर गेली आणि काँग्रेसमधल्या जागा 13 च्या 14 झाल्या, म्हणजे प्रत्येक मतदारसंघात सुमारे 7 लाख 45 हजार माणसे हवीत. गिलफर्डची लोकसंख्या त्याहून कमी आहे. ती न फोडता एका मतदारसंघात सहज मावते. तरीही 2021 च्या नोव्हेंबरात विधिमंडळाने मंजूर केलेल्या नकाशात तिचे तीन तुकडे झाले. 2022 च्या फेब्रुवारीत राज्याच्या सर्वोच्च न्यायालयाने 4 विरुद्ध 3 मतांनी तो नकाशा राज्यघटनेचा भंग ठरवला, पक्षांचे उमेदवार ठरवणारी प्राथमिक निवडणूक मार्चवरून मे महिन्यात गेली, आणि न्यायालयाने ठरवलेल्या तात्पुरत्या नकाशात आमची कौंटी पुन्हा अखंड झाली. त्या नोव्हेंबरात दोन्ही पक्षांना सात-सात जागा मिळाल्या. ज्या राज्यात मते जवळजवळ निम्मी-निम्मी पडतात तिथे हा निकाल मला स्वाभाविक वाटला.

पण त्याच दिवशी, त्याच मतपत्रिकेवर, न्यायालयाच्या दोन जागांसाठीही मतदान होते. या वेळी मी ते रकाने कोरे सोडले नाहीत. दोन्ही जागा रिपब्लिकन उमेदवारांनी जिंकल्या आणि न्यायालय 5 विरुद्ध 2 झाले. नव्या न्यायालयाने जानेवारीत कामाला सुरुवात केली, फेब्रुवारीत जुन्या प्रकरणाची फेरसुनावणी मान्य केली आणि 28 एप्रिल 2023 रोजी आधीचा निकाल फिरवला. पक्षीय नकाशाच्या तक्रारी राज्याच्या न्यायालयांनीही ऐकायच्या नाहीत, असे आता ठरले. राज्यघटनेतले एक अक्षर बदलले नव्हते, नकाशाविषयीची तथ्ये तीच होती. मधल्या काळात बदलली होती ती फक्त दोन माणसे, आणि ती लोकांनी निवडून दिली होती. या गोष्टीचा मला आजही मनापासून राग येतो, आणि तो राग कोणत्या पक्षाचा फायदा झाला यावरून नाही. चौदा महिन्यांत एकाच घटनेचा अर्थ उलटा होऊ शकतो आणि त्याचे कारण मतपत्रिकेच्या मागच्या बाजूस असते, हे आमच्यापैकी बहुतेकांना कोणी सांगितलेच नव्हते.

त्या सप्टेंबरात विधिमंडळाच्या समित्यांनी जनसुनावण्या जाहीर केल्या. महाराष्ट्रात प्रभाग रचनेचा प्रारूप आराखडा आधी प्रसिद्ध होतो आणि मग त्यावर हरकती व सूचना मागवतात. इथे प्रारूप नव्हतेच. एलिझाबेथ सिटी, हिकरी आणि राज्याची राजधानी रॉली अशा तीन ठिकाणी, सलग तीन दिवस, कामाच्या दिवशी, नकाशा न दाखवता लोकांचे म्हणणे ऐकले जाणार होते. ग्रीन्सबरोत एकही सुनावणी नव्हती. मी अर्ध्या दिवसाची रजा टाकली आणि सुमारे 80 मैल गाडी चालवत रॉलीला गेले. आदल्या रात्री भाषण लिहून मुलीसमोर घड्याळ लावून तीनदा वाचले होते. उच्चारांमुळे कोणाला समजले नाही तर काय, ही भीती होती, म्हणून सोपे शब्द निवडले होते.

माझे म्हणणे एवढेच होते की गिलफर्ड कौंटीची शाळांची व्यवस्था एक आहे, विमानतळ एक आहे, आमची मुले एकाच मैदानांवर खेळतात आणि आम्ही एकाच रुग्णालयांत जातो. तेव्हा आमचा एकच प्रतिनिधी असावा, मग तो कोणत्याही पक्षाचा चालेल. माझ्या आधी बोललेल्या एका वृद्ध गृहस्थांनी हातातला कागद थरथरतोय म्हणून तो खाली ठेवला आणि न पाहता बोलले. समितीतले सदस्य ऐकत होते, काही लिहून घेत होते, आणि प्रत्येक बोलणाऱ्याचे आभार मानत होते. प्रश्न कोणी विचारला नाही. नकाशाच समोर नसल्यामुळे आम्हीही नेमके कशावर बोलतो आहोत हे आम्हाला ठाऊक नव्हते. परतताना अंधार पडला होता, पण आपले म्हणणे सरकारी नोंदीत गेले याचे मला त्या वेळी खरोखर समाधान वाटत होते.

18 ऑक्टोबरला नकाशे आले. मी संगणकावर गिलफर्ड कौंटी मोठी करत गेले आणि तीन रंग दिसले. एक तुकडा 5 व्या मतदारसंघात, जो उत्तरेकडून ब्लू रिज डोंगरांपर्यंत जातो. दुसरा 9 व्या मतदारसंघात, फोर्ट ब्रॅगच्या लष्करी तळाच्या दिशेने. आणि ग्रीन्सबरो व हाय पॉइंट यांच्यामधला आमचा भाग 6 व्या मतदारसंघात, जो आता दक्षिणेला सॉल्झबरी ओलांडून शार्लटच्या उपनगरांना जाऊन भिडत होता. आकडा 6 च राहिला होता, म्हणून आमच्या ओळखीच्या अनेकांना आपला मतदारसंघ बदलला हे कळलेही नाही. 25 ऑक्टोबरला, म्हणजे आठवडाभरात, नकाशे मंजूर झाले. राज्यपाल रॉय कूपर विरोधात होते, पण त्यांच्याकडे हे विधेयक जातच नाही.

2024 च्या नोव्हेंबरात हाती आलेल्या मतपत्रिकेवर काँग्रेसच्या रकान्यात दोनच नावे होती, आणि त्यांत डेमोक्रॅटिक पक्षाचा उमेदवार नव्हता. आमच्या प्रतिनिधी कॅथी मॅनिंग यांनी नव्या सीमांत निवडणूक न लढवण्याचे ठरवले होते आणि त्यांच्या पक्षाकडून दुसरे कोणीही उभे राहिले नव्हते. राज्यातल्या 14 जागांपैकी 10 रिपब्लिकन पक्षाला आणि 4 डेमोक्रॅटिक पक्षाला मिळाल्या. त्याच दिवशी त्याच मतदारांनी राज्यपालपदी डेमोक्रॅटिक पक्षाचे जॉश स्टाइन यांना निवडले, कारण राज्यपालाच्या मतदारसंघाची सीमा ही राज्याची सीमा असते आणि ती कोणाला हलवता येत नाही.

त्या निवडणुकीत राज्याच्या सर्वोच्च न्यायालयाची एकच जागा होती. ॲलिसन रिग्ज, ज्यांनी 2019 च्या त्या प्रकरणात वकील म्हणून देशाच्या सर्वोच्च न्यायालयात बाजू मांडली होती, 734 मतांनी पुढे होत्या. प्रतिस्पर्ध्याने 60 हजारांहून अधिक मतांवर आक्षेप घेतला आणि आक्षेप घेतलेल्या मतदारांची यादी प्रसिद्ध झाली. मी आमची नावे शोधली, ती नव्हती. मंडळातल्या एका मैत्रिणीचे होते. तिच्या नोंदणीत एक क्रमांक अपुरा होता, एवढेच. सहा महिने ती आपले मत धरले जाणार की नाही याची वाट पाहत राहिली, आणि मे 2025 मध्ये संघराज्याच्या न्यायालयाच्या निर्णयानंतर ते प्रकरण मिटले. त्या दिवसापासून न्यायाधीशांच्या निवडणुकीबद्दल मंडळात कोणाला फार समजावावे लागत नाही.

दहा वर्षांची मर्यादाही आता उरलेली नाही. 2025 च्या ऑगस्टमध्ये टेक्सासने मधल्या काळातच नकाशा बदलला, कॅलिफोर्नियाने नोव्हेंबरात सार्वमत घेऊन त्याला उत्तर दिले, आणि या दोन्हींच्या मध्ये, 22 ऑक्टोबरला, नॉर्थ कॅरोलिनाच्या विधिमंडळाने पूर्वेकडच्या 1 ल्या मतदारसंघाच्या सीमा बदलल्या, जेणेकरून 10 च्या 11 जागा व्हाव्यात. राज्यपाल स्टाइन यांनाही पाहण्यापलीकडे काही करता आले नाही. 2024 मध्ये रिपब्लिकन पक्षाचे राज्याच्या प्रतिनिधिगृहातले तीन पंचमांश बहुमत, जे राज्यपालाचा नकाराधिकार मोडून काढायला लागते, एका जागेने हुकले होते, 72 ऐवजी 71, आणि आम्ही काही जण त्या एका जागेवर समाधान मानून बसलो होतो. नकाशाच्या बाबतीत त्या जागेला काहीच अर्थ नव्हता, कारण तिथे साधे बहुमत पुरते.

पुण्याच्या फोनवर हे सांगितले की भाऊ म्हणतो, आपल्याकडे तरी काय वेगळे आहे, सरकार बदलले की प्रभागात तीन नगरसेवक की चार हे बदलते. त्याचे म्हणणे अगदीच चूक नाही. 2022 मध्ये ते तसेच झाले होते. पण विधानसभा आणि लोकसभेच्या रेषा आमदारांच्या हातात दिलेल्या नाहीत, हे त्याने गृहीत धरलेले आहे, आणि मला ते आता गृहीत धरता येत नाही.

मिशिगनमध्ये 2018 साली लोकांनी स्वतः मांडलेल्या प्रस्तावावर मतदान करून हे काम 13 नागरिकांच्या आयोगाकडे सोपवले. नॉर्थ कॅरोलिनात लोकांना असा प्रस्ताव मतपत्रिकेवर आणण्याची सोयच नाही. तो विधिमंडळाकडूनच यावा लागतो. विस्कॉन्सिनमध्ये 2023 च्या एप्रिलमध्ये न्यायालयाची एक जागा फिरली आणि वर्षभरात विधिमंडळाचे नकाशे बदलले. आमच्यासाठी वाट बहुधा तीच आहे, आणि ती लांब आहे.

आमच्या घरी फ्रिजवर एक कागद लावलेला आहे. त्यावर मी तीन वर्षे लिहिली आहेत. 2026 मध्ये राज्याच्या सर्वोच्च न्यायालयाची एक जागा, सध्या अनिता अर्ल्स यांच्याकडे असलेली. 2028 मध्ये तीन जागा, 2020 साली मी कोऱ्या ठेवल्या होत्या त्याच. 2030 मध्ये दोन जागा, आणि 2031 चा नकाशा आखणारे विधिमंडळही. 2028 या वर्षाभोवती मुलीने लाल पेनने गोल काढला आहे, कारण त्या वर्षी ती अठरा पूर्ण करते.